अनारसे दुबईला जात नाहीत

“उंट चावतो का गं?”

काकूंनी तारेच्या कंपाऊंडवरून हे विचारलं तेव्हा मी शेवग्याच्या शेंगा सोलत होते. त्यांचे लेक-जावई दुबईला असतात. दिवाळी झाली की काकू आणि आबा तिकडं निघणार, ही बातमी भिगवणच्या बाजारापर्यंत पोचलेली आहे. मी थोरल्याकडं शारजाला राहून आले तेव्हापासून आमच्या डाळज गावातलं आखातात जाणारं प्रत्येक माणूस एकदा तरी आमच्या कंपाऊंडला टेकून जातं.

“उंटाचं राहू द्या काकू. बॅगेत काय काय भरताय ते सांगा आधी.”

“काय न्हाई गं. अनारसं, चकल्या, मसाला, लोणचं, धा-बारा खोबऱ्याच्या वाट्या. पोरीला तिकडं काय मिळतंय?”

सगळं मिळतं. बर दुबईत कढीपत्त्यापासून पूजेच्या कापरापर्यंत दुकानं आहेत. पण हे आईला सांगून उपयोग नसतो. म्हणून मी वेगळ्या बाजूनं शिरले.

“अनारशाला काय लावता?”

“खसखस. आणि काय लावणार?”

“मग ते राहिलं. खसखस म्हणजे अफूचं बी. अमिरातीत तिला बंदी आहे. आपण पदार्थ म्हणून नेतो, ते अमली पदार्थ म्हणून धरतात.”

काकूंना वाटलं मी थट्टा करतेय. मग मी त्यांना तो स्विस माणूस सांगितला. २००८ साली पेपरांत आलं होतं. लंडनच्या विमानतळावर त्यानं खसखस लावलेला पाव खाल्ला, तीन दाणे कपड्याला चिकटले, दुबईला उतरल्यावर झडतीत सापडले आणि चार वर्षांची शिक्षा लागली. तीन दाणे. आपल्या एका अनारशाला किती चिकटतात ते बघा.

“आगं बाई! मग तिळावर थापते.”

“थापा. आणि मसाला कुठला नेताय?”

“घरचाच की. कांदा-लसणाचा.”

“त्यात काय घालता?”

काकू बोटांवर मोजायला लागल्या. धने, तीळ, खोबरं, लवंग, दगडफूल... आणि थांबल्या. खसखस त्यातही होती. दोन किलो मसाला नुकताच डंकावरून कुटून आणलेला. काकूंचा चेहरा असा झाला की मलाच वाईट वाटलं. “लेकीसाठी खसखस वगळून किलोभर वेगळा कुटा,” म्हटलं, “आणि तो हातातल्या पिशवीत ठेवू नका, तिखट विमानात जवळ ठेवू देत नाहीत. मोठ्या बॅगेत टाका. लोणचंही तिथंच. खोबऱ्याच्या वाट्या मात्र काढा. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, पेट घेतं, म्हणून ते आपल्याच विमानतळावर काढून घेतात.”

तेवढ्यात आबा आले. हातात चंची. तंबाखू मळत कंपाऊंडच्या खांबाला टेकले.

“आबा, ही चंची इथंच ठेवायची. विड्याचं पानसुद्धा तिकडं न्यायला बंदी आहे. आणि कुठं पचकन टाकलंत तर दंड. मेट्रोत नुसतं काही खाल्लं तरी १०० दिरहम.”

“म्हंजी किती?”

“दोन हजाराच्या वर.”

आबांनी मळलेला तंबाखू तोंडात टाकला आणि हिशोब मनातल्या मनात केला असावा, कारण थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्या वडलांच्या वक्ताला तिकडं आपलाच रुपया चालायचा म्हनं.” हे खरं आहे. १९५९ पासून रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा छापायची. १९६६ साली रुपयाचं अवमूल्यन झालं आणि त्यांनी आपला रुपया सोडला. आता आपण त्यांच्या दिरहमचे रुपये करत बसतो.

व्हिसा, तिकीट हे सगळं जावयानं केलंय, त्यामुळं त्यात फार बोलण्यासारखं नव्हतं. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी, परतीचं तिकीट आणि जावयाच्या घरचा पत्ता कागदावर छापून जवळ हवा, एवढं सांगितलं. घड्याळ दीड तास मागं करायचं. गोळ्या-औषधांचं मात्र दोनदा सांगितलं, कारण आबांचा खोकला सगळ्या आळीला ठाऊक आहे. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, गुडघ्याच्या काही गोळ्यांत ट्रामाडोल. ही तिकडं परवानगीशिवाय चालत नाहीत. डॉक्टरांना काय लिहून दिलंय ते विचारायचं, चिठ्ठी इंग्रजीत घ्यायची आणि तसलं औषध असेल तर जावयाला तिथल्या सरकारकडून आधी ऑनलाइन मंजुरी काढायला लावायची.

“आणि आबा, शिव्या.”

“मी कुठं देतो?” असं म्हणताना त्यांनी एक दिलीच, कुंपणात शिरलेल्या शेळीला.

“तिकडं मोबाइलवर शिवी लिहून पाठवली तरी गुन्हा होतो. रागानं बोट दाखवलं तरी. आणि काकू, बुरख्यातल्या बायकांचे फोटो काढायचे नाहीत, कितीही नटलेल्या दिसल्या तरी.”

काकूंचा जीव अजून उंटातच होता. तेव्हा मी वाळवंटातल्या सफारीवर आले. ही जाते दुपारी, तीनच्या सुमारास गाडी घरी न्यायला येते. म्हणून दुपारचं जेवण हलकं ठेवायचं. भरल्या पोटी त्या वाळूच्या टेकड्यांवर गाडी वर-खाली झाली की खाल्लेलं बाहेर येतं. शेवटच्या सीटवर बसायचं नाही, तिथं हादरे जास्त. काकूंच्या कमरेत मणक्याची गॅप आहे, म्हणून बुकिंग करतानाच सांगायचं की आम्हाला टेकड्यांवर उडवू नका, सरळ कॅम्पला न्या. तशीही गाडी मिळते. तरण्या पोरांनी हवं तेवढं उडावं.

गंमत असते ती वाळू सुरू होते तिथं. सगळ्या गाड्या ओळीनं थांबतात, ड्रायव्हर खाली उतरतो आणि चारी चाकांतली हवा फुस्स करून सोडतो. आपल्याला वाटतं पंक्चर झालं. पण जवळजवळ निम्मी हवा काढली की टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो आणि वाळूत रुतत नाही. परत डांबरीला लागताना पुन्हा भरून घेतात.

“आवं, आपन ट्रॅक्टरच्या चाकात पानी भरतो वजनासाठी,” आबा म्हणाले, “आन् हे हवा काढत्यात!” हे त्यांना इतकं आवडलं की मला वाटतं आबा तेवढं बघायलाच सफारीला जातील.

“आता उंट,” मी काकूंना म्हटलं. “सहसा चावत-बिवत नाही. पण तो उठतो मागच्या पायांवर आधी. आपण एकदम तोंडावर पडतो की काय असं होतं. म्हणून तो उठायला लागला की मागं रेलायचं. बसतो तेव्हा पुढचे पाय आधी दुमडतो, तेव्हाही मागंच रेलायचं. पुढची मूठ घट्ट धरायची. तुमचं नऊवारी आहे ते बरंय, सहावारीवाल्यांची तारांबळ होते.”

काकू पहिल्यांदाच हसल्या.

कॅम्पवर मेंदी, नाच, जेवण असतं. काकू माळकरी, त्यांना वाटलं उपाशी राहावं लागेल. तसं नाही, वरण-भाजी-रोटी वेगळी मांडलेली असते, पण आधी विचारून घ्यावं. बहिरी ससाणा हातावर घेऊन फोटो, चारचाकी मोटरसायकल, हे सगळं वरचे पैसे. जातानाच आबांना सांगावं की विचारल्याशिवाय कशावर बसायचं नाही. शाल न्यावी. दिवसा ऊन असलं तरी वाळू सूर्य बुडाल्यावर लगेच गार पडते, आणि डिसेंबर-जानेवारीत तर कुडकुडायला होतं. जून ते सप्टेंबर मात्र पाहुण्यांनी तिकडं फिरकूच नये, पारा पंचेचाळीसच्या वर जातो.

“आन् पाऊस?” आबांचा शेतकऱ्याचा प्रश्न.

“पडत नाही म्हणून गाफील असतात. १६ एप्रिल २०२४ ला अल ऐनजवळ एका दिवसात अडीचशे मिलिमीटरच्या वर पडला, दुबईचं विमानतळ पाण्यात होतं.” आबांनी कपाळावर हात मारला. इंदापूर तालुक्यात तेवढ्या पावसाची आपण किती महिने वाट बघतो.

दुबईत रास अल खोर म्हणून पक्ष्यांचं ठिकाण आहे, थंडीत तिथं रोहित पक्षी उतरतात. जावई तिकडंही नेणार म्हणे. माझं मत विचाराल तर तो वेळ वाचवावा. उजनीच्या पाण्यावर कुंभारगावला तेच पक्षी होडीतून जवळून दिसतात, आणि चिंकारा बघायचं तर आपल्याच तालुक्यातल्या कडबनवाडीला वन खात्यानं गवताळ रानाची सफारी सुरू केलीय. तिकडं वाळू बघावी. वाळू आपल्याकडं आता राहिली कुठं?

“आणि सोनं?” काकूंनी आवाज खाली आणला. “बायांना चाळीस ग्रॅम आणता येतं म्हनं.”

“वर्षाच्या वर तिकडं राहिलेल्या बाईला. फिरायला गेलेल्यांना ती सूट नाही. आणि इथून अंगावर घालून जाल ते परत येताना तिकडचंच समजू नयेत, म्हणून निघताना विमानतळावर कस्टमवाल्यांना दाखवून दाखला घ्यायचा. नाहीतर मंगळसूत्र तेवढं घाला.”

“मग पाटल्या, बोरमाळ तुझ्याकडं ठिवू का?”

“माझ्याकडं नको, बँकेत ठेवा. आणि काकू, घर बंद राहणार हे कुणाला बोलू नका.”

काकूंनी आबांकडं बघितलं. आबा खांबावरून उठले आणि शेळीमागं चालू लागले.

“ह्यांनी काल पारावर सांगितलं,” काकू म्हणाल्या, “तारखेसकट.”