श्वानशिक्षण: तत्त्वे आणि पोळीचा तुकडा

कुत्रा शिकवल्यावर शिकतो आणि न शिकवताही शिकतो. दुसऱ्या प्रकारचे शिक्षण सहसा जास्त पक्के बसते. संध्याकाळी अर्धा तास मैदानात ‘सिट’ आणि ‘स्टे’ चालते, ट्रेनरची फी त्या अर्ध्या तासाची असते. उरलेले साडेतेवीस तास घरातली झाडून सगळी माणसे त्याला निराळाच अभ्यासक्रम शिकवतात, तोही फुकट. अध्ययनाचे सिद्धान्त मात्र चोवीस तास लागू असतात.

या शास्त्राची सुरुवात लाळेपासून होते. सेंट पीटर्सबर्गचे इव्हान पावलॉव्ह मूळचे पचनसंस्थेचे अभ्यासक. १९०४ सालचे नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळाले. (प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांचा जठररस अपचनावरचे औषध म्हणून विकला जाई आणि त्यातून प्रयोगशाळेला उत्पन्न मिळे. कुत्र्यांनी शास्त्रज्ञांना पोसल्याचे असे उदाहरण विरळा.) तोंडात अन्न पडले की लाळ सुटते, इथपर्यंत सगळे ठीक होते. पण सरावलेल्या कुत्र्यांना खाणे आणणाऱ्या माणसाची नुसती चाहूल लागली तरी लाळ सुटू लागली आणि मोजमाप बिघडले. दुसऱ्या कोणी तो माणूस बदलला असता. पावलॉव्ह यांनी अभ्यासाचा विषय बदलला. मेट्रोनोमचे ठोके ऐकवायचे आणि पाठोपाठ खाणे द्यायचे, असे पुष्कळदा झाले की नुसत्या ठोक्यांनीही लाळ येते. याला अभिजात अभिसंधान म्हणतात.

हा प्रयोग घरोघरी रोज होतो. गॅलरीत गाढ झोपलेला कुत्रा दहा हाकांना दाद देत नाही, पण पारले-जीच्या डब्याचे झाकण नखभर सरकले की तो ओट्यापाशी हजर असतो. शेजारच्या तूरडाळीच्या डब्याचे झाकण उघडले तर फक्त कान हलतो, बाकीचा कुत्रा हलत नाही. दोन सारख्या आवाजांतला हा फरक ओळखण्याला विभेदन म्हणतात, आणि त्यात घरातल्या कर्त्या पुरुषापेक्षा कुत्रा बराच पुढे असतो.

भीतीही याच वाटेने येते. एखादा कुत्रा रिक्षात बसतो तो फक्त डॉक्टरकडे सुई टोचून घ्यायला. मग काही दिवसांनी रिक्षा दिसताच त्याचे पाय थरथरतात. यावर प्रति-अभिसंधान हा उपाय आहे. फटाक्यांना भिणाऱ्या कुत्र्याला फटाक्याचा आवाज आधी अगदी बारीक ऐकवायचा, लगेच चिकनचा तुकडा द्यायचा, आणि कुत्रा निवांत आहे असे पाहूनच आवाज हळूहळू वाढवायचा. याला आठवडे लागतात, प्रसंगी महिने. गणपती उठल्यावर सुरू करण्याचे हे काम बहुतेक घरांत नरकचतुर्दशीच्या पहाटे, कुत्रा पलंगाखाली शिरल्यावर आठवते.

अभिसंधानाचा दुसरा प्रकार मांजरांपासून निघाला. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली उपाशी मांजरांना कडी लावलेल्या पेटीत ठेवले आणि बाहेर खाणे मांडले. धडपडीत कडी योगायोगाने निघे. पुढच्या खेपांना वेळ कमी कमी लागे. ज्या कृतीचा परिणाम सुखाचा ती कृती टिकते, हा त्यांचा नियम. हुशार कुत्र्यांच्या कथांवर त्यांचा राग होता. शेकडो कुत्री वाट चुकतात त्याची कोणी वाच्यता करत नाही, एखादे घरी परतले की त्याची आख्यायिका होते, अशी त्यांची तक्रार होती. ती आजही खरी आहे. फक्त आता आख्यायिकेचा व्हिडिओ होतो.

बी. एफ. स्किनर यांनी या नियमाचे साधक अभिसंधान केले. वर्तनानंतर काही मिळाले किंवा काही टळले, आणि त्यामुळे ते वर्तन वाढले, तर ते प्रबलन. घटले तर शिक्षा. मिळण्याला धन म्हणायचे, टळण्याला ऋण. यांतले ऋण प्रबलन समजायला अवघड जाते, म्हणून कुरिअरवाल्याचे उदाहरण घ्यावे. कुरिअरवाला दाराशी येतो. कुत्रा जीव तोडून भुंकतो. कुरिअरवाला सही घेतो आणि निघून जातो. तो पुढच्या घरचे पार्सल द्यायला गेला, हे कुत्र्याला कोणी सांगितलेले नसते. त्याच्या हिशेबी घरावरचे संकट भुंकल्यामुळे टळले, आणि उपाय आजवर एकदाही फसलेला नाही. जगात फार थोड्या नोकरदारांना कामाचे इतके चोख फळ मिळते.

धन प्रबलन सगळ्यांना कळते, तरी त्यात एक खोच आहे. बक्षीस कोणते, हे कुत्रा ठरवतो. डोक्यावर थोपटणे हे पुष्कळ कुत्री केवळ भिडेखातर सोसतात. उलट स्फोटके हुंगणाऱ्या पोलिसी कुत्र्याला अनेकदा साधा चेंडू पुरतो. वास सापडला की चेंडूचा खेळ, एवढाच त्याचा करार. त्यातही त्याने माल उकरायचा नसतो, शांतपणे खाली बसायचे असते, कारण तिथे उत्साह महागात पडतो. १९९३च्या स्फोटांनंतर मुंबई पोलिसांचा ‘झंजीर’ घराघरांत माहीत झाला, तो याच विद्येमुळे.

बक्षीस किती वेळा द्यावे, यावर स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ साली जाडजूड ग्रंथ काढला. दर वेळी मिळणारे बक्षीस बंद झाले की वर्तन लवकर विझते. कधी मिळते, कधी नाही, असे असेल तर ते विझता विझत नाही. मटक्याचा आकडा लावणारा माणूस वर्षानुवर्षे टिकतो तो याच तत्त्वावर. जेवणाच्या टेबलापाशी कुत्रा टिकतो तोही. आई देत नाही, बाबा देत नाहीत, सून पुस्तक वाचून मुळीच देत नाही. आजी चौथ्या-पाचव्या दिवशी ‘मुकं जनावर आहे’ म्हणून पोळीचा तुकडा टेबलाखाली सोडते. प्रयोगशाळेत यंत्र लावून जे वेळापत्रक साधावे लागते, ते आजीला उपजत येते.

मग घरात ठराव होतो: आजपासून कोणी काही द्यायचे नाही. प्रबलन थांबल्यावर वर्तन मावळते, याला विलोपन म्हणतात. मावळण्याआधी मात्र ते अनेकदा उसळते. कुत्रा आधी कुंईकुंई करतो, मग भुंकतो, मग पाहुण्यांच्या मांडीवर पंजा ठेवतो. नेमका याच टप्प्यावर कोणीतरी हरते आणि तुकडा देते. आता कुत्र्याला कळलेले असते, की नुसत्या कुंईकुंईने भागत नाही, पंजापर्यंत जावे लागते.

बक्षिसाइतकीच वेळ महत्त्वाची. परिणाम वर्तनाला चिकटायचा तर मध्ये क्षणभराचाच अवकाश हवा. एवढ्या वेळात खिशातून बिस्किट निघत नाही, तोवर बसलेला कुत्रा उठतो आणि बक्षीस उठण्याला मिळते. म्हणून ‘टिक’ वाजणारे छोटे खेळणे वापरावे, असे स्किनर यांनी १९५१ सालीच सुचवले होते. हवाईत डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी हीच रीत पुढे कुत्र्यांच्या मालकांत रुजवली. त्यांचे १९८४चे पुस्तक ट्रेनर अजून वाचतात. टिक म्हणजे ‘बरोबर, बक्षीस येतेय’. हे खेळणे, म्हणजे क्लिकर, नसेल तर एकच ठरलेला छोटा शब्दही चालतो. हुकूमही एकदाच द्यायचा; सहा वेळा म्हटलेला ‘सिट’ चालत नाही, कारण मग कुत्रा सहावा ‘सिट’ येईपर्यंत वाट बघायला शिकतो.

उशिराने दिलेल्या शिक्षेचा तर काहीच उपयोग नाही. दुपारी कोल्हापुरी चपलेचा अंगठा खाल्ला जातो, संध्याकाळी सातला मालक ती चप्पल नाकासमोर धरून खटला चालवतो. कुत्रा कान पाडतो, नजर चुकवतो, आणि ‘बघा, त्याला कळतंय’ असा निकाल लागतो. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली हे तपासले. कुत्र्याने खरोखर गुन्हा केला होता की नाही, याने त्या चेहऱ्यात फरक पडला नाही. मालक रागावला की तो चेहरा जास्त दिसला. म्हणजे तो कबुलीजबाब नसून तहाची बोलणी असतात.

शिक्षेचे समर्थक लांडग्यांचा दाखला देतात: कळपाला म्होरक्या असतो, तसे मालकाने आधी जेवावे, आधी दाराबाहेर पडावे. या कल्पनेचे मूळ रुडॉल्फ शेन्केल यांच्या १९४७च्या निरीक्षणांत आहे, आणि ती प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांची होती. डेव्हिड मीच यांनी १९७० सालच्या पुस्तकातून ती कल्पना लोकप्रिय केली आणि १९९९ साली स्वतःच खोडून काढली. रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्ले. तिथे सत्तेसाठी मारामाऱ्या करायला कोणाला सवड नसते. मीच आपले जुने पुस्तक छापू नका असे प्रकाशकांना सांगत राहिले. कुत्र्याआधी जेवणाऱ्यांचा पंथ अजून चालू आहे. त्यात कुत्र्याचे फारसे नुकसान नाही, जेवण मात्र दोघांनाही मिळावे.

शेवटचा मुद्दा सामान्यीकरणाचा. स्वयंपाकघरात बसायला शिकलेला कुत्रा सोसायटीच्या गेटपाशी बसत नाही, तेव्हा तो हट्टी नसतो. त्याच्या लेखी ‘सिट’ हे ओट्यासमोर करायचे काम असते. म्हणून तोच धडा जिन्यात, पार्किंगमध्ये, भाजीवाल्याजवळ, आणि घरातल्या प्रत्येकाने, एकच शब्द वापरून पुन्हा द्यावा लागतो. कुत्र्याचा वर्ग लावणाऱ्यांना एकच विनंती: पहिल्या दिवशी कुत्र्याला घरी ठेवले तरी चालेल, आजीला आवर्जून घेऊन जावे.