जोडीच्या जुन्या फोटोचे शास्त्रोक्त वाचन

बैठकीच्या भिंतीवर, छताजवळ, किंचित पुढे झुकवून टांगलेल्या जोडीच्या फोटोकडे बोट दाखवून ‘हे आमचे खापरपणजोबा आणि खापरपणजी’ एवढेच सांगणे अभ्यासकाला शोभत नाही. त्याने निदान दशक, सांपत्तिक स्थिती आणि उभयतांचा स्वभाव या तीन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या पाहिजेत, आणि शक्यतो घरातील वडीलधारी माणसे ऐकत नसताना सांगाव्यात. प्रस्तुत विवेचन सुमारे १८८० ते १९४० या काळात मुंबई, पुणे, कोल्हापूर अशा ठिकाणच्या स्टुडिओंत काढलेल्या मराठी जोडप्यांच्या फोटोंपुरते मर्यादित आहे.

वाचनाचा आरंभ पडद्यापासून करावा. पडदा म्हणजे जोडप्यामागे सोडलेले रंगवलेले कापड. त्यावर संगमरवरी खांब, कठडा, कोठेही न जाणारा जिना आणि कोणत्याही खंडात न उगवणारी झाडी असते. ज्यांचे सारे आयुष्य वाड्यातल्या दोन खणांत गेले त्यांच्यामागे विलायती उद्यान दिसले, म्हणून नवशिक्याने गहाण पडलेल्या इस्टेटीचे कागद शोधू लागू नये. हे पडदे नाटकाच्या पडद्यांचे सख्खे भाऊ होत. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्यापूर्वी नाटकांचे पडदेच रंगवीत असत, आणि संगीत नाटकातील राजवाडा ज्या प्रेक्षकाला खरा वाटे त्याला स्टुडिओतील तळ्याकाठी उभे राहण्यात काही वावगे वाटत नसे.

यानंतर पोशाख. यजमानांच्या डोक्यावर पगडी असल्यास काळ जुना आणि काळी टोपी असल्यास अलीकडचा, असा ढोबळ नियम आहे; मात्र पगडी सोडायला तयार नसलेले वृद्ध प्रत्येक दशकात असल्यामुळे तो नियम बेताने वापरावा. धोतरावरील कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत आल्या असतील, तर कोट बहुधा स्टुडिओच्या खुंटीवरचा समजावा.

पत्नीच्या वस्त्रांबाबत विशेष सावधगिरी आवश्यक आहे. त्या काळच्या काचा, म्हणजे फोटो टिपणाऱ्या रासायनिक लेपाच्या पट्ट्या, निळ्या रंगाला फार लवकर प्रतिसाद देत आणि लाल रंगाला जवळजवळ देतच नसत. त्यामुळे कुंकू काळे उमटे, लाल शालू काळपट दिसे आणि निळे लुगडे पांढुरके पडे. सर्व रंग टिपणारी फिल्म रूढ होईपर्यंत ही स्थिती राहिली. तेव्हा काळे वस्त्र नेसलेली नववधू पाहून तिच्या सासरच्या बंडखोर सुधारकी विचारांवर प्रबंध लिहिण्याआधी अभ्यासकाने क्षणभर थांबावे. त्याचप्रमाणे नथ डाव्या नाकपुडीत घालण्याचा रिवाज असताना ती उजवीकडे दिसल्यास, रूढिभंगाचा निष्कर्ष न काढता काच उलटी छापली गेली असावी, असे मानावे.

चेहऱ्यांवरील गांभीर्यावरून संसाराची परीक्षा करू नये. सुरुवातीच्या काळात काही सेकंद निश्चल राहावे लागे, आणि डोके हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावीत. त्याची बैठक कधी कधी बुटांमागे डोकावते, म्हणून यजमानांना तीन पाय दिसल्यास दचकू नये. पुढे वेगवान काचा आल्या, तरी चारचौघांत दात दाखवू नयेत ही शिकवण काचांहून टिकाऊ निघाली.

सरतेशेवटी फोटो चौकटीतून काढून त्याचा पुठ्ठा उलटून पाहावा. त्यावर बहुधा स्टुडिओचे नाव असते, कधी प्रदर्शनात मिळालेल्या पदकांची सालेही छापलेली असतात, आणि त्या सालाच्या आधीचा तो फोटो असू शकत नाही. शिवाय घरातल्या कोणी शिसपेन्सिलीने नावे व तारीख लिहून ठेवलेली आढळल्यास वरील पद्धतीने काढलेले सर्व निष्कर्ष मुकाट्याने बदलावेत.