रानात जाताना अंगाला काय फासावे

जुलैतल्या एखाद्या शुक्रवारी रात्री पुण्याहून टेम्पो ट्रॅव्हलर सुटते. ठिकाण आंबोली, हेतू बेडूक पाहणे. गाडीत चौदा माणसे असतात आणि त्यांच्या पिशव्यांत मिळून अकरा प्रकारची कीटकनिवारके. छत्री एकच असते, तीही ड्रायव्हरची. अकरापैकी कोणते चालेल यावर चर्चा कात्रजच्या बोगद्यात सुरू होते आणि साताऱ्यापर्यंत दोन माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात. अशा प्रसंगी हाताशी असावे म्हणून हे मार्गदर्शन.

निवारक विकत घेण्याआधी चावणार कोण आहे, याची चौकशी करावी. आपल्याकडे स्थळ सांगून आले की मुलाच्या आत्याच्या दिरापर्यंत माहिती काढतात, पण दोन रात्री ज्याच्या सहवासात काढायच्या त्याचे नावसुद्धा कुणी विचारत नाही. 'रानात किडे असतात' एवढ्यावर खरेदी होते. रानात असतात ते डास, चिलटे, घोडमाश्या, गोचिडी, आग्या माश्या आणि जळवा. या सगळ्यांची आपसांत सोयरीक नाही आणि एकाला जे लागू पडते ते दुसऱ्याला पडेलच असे नाही. जळू तर मुळात कीटकच नाही, ती गांडुळाच्या नात्यातली. बाटलीवर 'कीटकनिवारक' असे छापलेले असेल, तर 'हे मला लागू नाही' असा तांत्रिक मुद्दा ती उपस्थित करू शकते, आणि करतेच.

आता मुख्य औषध. डीट हे रसायन अमेरिकी लष्कराने १९४६ साली तयार केले आणि १९५७ पासून ते तिथल्या सामान्य लोकांना मिळू लागले. आपल्याकडच्या दुकानात सर्रास मिळणाऱ्या मलमात बहुधा त्याचा चुलतभाऊ असतो, डायएथिल बेन्झामाइड नावाचा. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने काढलेले डेपा हे तिसरे भावंड. पिकारिडिन हे वेगळ्या घराण्यातले. त्याला वास जवळजवळ नसतो, त्यामुळे मराठी माणसाचा त्याच्यावर विश्वास बसत नाही. ज्या औषधाने नाक झोंबत नाही ते औषध कसले!

डीटच्या बाटलीवर टक्के लिहिलेले असतात आणि इथेच आपला घात होतो. टक्के म्हटले की आपल्याला दहावीचा निकाल आठवतो. तीस टक्क्यांची बाटली हातात घेतली की 'काठावर नापास' असे वाटते आणि परदेशातल्या भाच्याकडून अठ्ठ्याण्णव टक्क्यांची मागवली जाते. वास्तविक हे टक्के हुशारीचे नसून तासांचे आहेत. दहा टक्के डीट साधारण दोन तास टिकते, तीसच्या आसपासचे पाचेक तास, आणि पन्नासच्या वर गेल्याने विशेष काही वाढत नाही. अठ्ठ्याण्णववाला डासाला अधिक जोरात हाकलत नाही. तो घड्याळाचा प्लास्टिकचा पट्टा आणि चष्म्याची फ्रेम तेवढी विरघळवू शकतो. शिवाय डीट लावलेला हात बेडकाला लावता येत नाही. बेडकाची कातडी पातळ, लावाल ते आत शोषून घेणारी. म्हणजे ज्याला पाहायला तीनशेहून अधिक किलोमीटर आलो त्यालाच विष चोळण्यासारखे. तेव्हा आंबोलीत बेडूक डोळ्यांनी पाहावा, हात खिशात ठेवावेत. काही लोकांना हा नियम सांगूनही कळत नाही. त्यांच्यासाठी निवारक कोणते, ते अद्याप बाजारात यायचे आहे.

आधी सनस्क्रीन, मग निवारक, हा क्रम सर्व जाणकार सांगतात. आंबोलीत जुलैमध्ये ऊन दिसल्यास त्याचा फोटो काढावा, सनस्क्रीनची घाई करू नये. तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो आपण मलम लावून बाहेर पडण्याची वाट पाहत थांबलेला असतो. पाच तासांची हमी देणारे औषध या पावसात पहिल्या ओढ्यापर्यंतच सोबत करते. लेबलावरचे तास कोरड्या कातडीचे असतात आणि कोरडी कातडी आंबोलीत फक्त हॉटेलच्या मॅनेजरकडे असते.

प्रत्येक गटात एक घरगुती पक्ष असतो. त्याच्याकडे सिट्रोनेला, कडुनिंबाचे तेल आणि मावशीने करून दिलेले एक हिरवे मिश्रण असते. मिश्रणात काय आहे हे मावशी सांगत नाही. सिट्रोनेलाचा वास छान असतो, पण तो लवकर उडतो, म्हणून दर अर्ध्या तासाने फासावे लागते. एवढ्या वेळा हात फिरत असताना डासाला बसायला जागाच मिळत नाही, हा त्याचा खरा गुण. लसूण खाल्ल्याने डास पळतात असे सांगणाऱ्यांपासून माणसे मात्र खात्रीने पळतात. निरगुडीच्या पाल्याचा धूर गावाकडे करतात आणि तो उपयोगी पडतो. अट एवढीच की धुरात आपणही बसायचे.

मोबाइलमधून ऐकू न येणारा आवाज काढून डास पळवणारी ॲप्स आहेत. ती निर्दोष आहेत. त्यांनी कुणाचेही, अगदी डासाचेही, काही बिघडत नाही.

'मला डास चावत नाहीत, माझं रक्त कडू आहे' असे म्हणणारा एक गृहस्थ गाडीत असतोच. त्याला जपावे. डासाची मादीच तेवढी चावते, आणि ती रक्ताची चव घेऊन गिऱ्हाईक निवडत नाही. ती आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत येते आणि जवळ आल्यावर अंगाची ऊब व कातडीचा वास पाहून ठरवते. तो वास कातडीवरच्या जिवाणूंच्या कारभारावर अवलंबून असतो. बर्किना फासोमध्ये केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बिअर प्यायलेल्या माणसांकडे मलेरियाचे डास अधिक ओढले गेले. बेडूक पाहायला निघालेल्या गटातील ज्या मंडळींचा दुसरा हेतू असतो, त्यांनी हे वाचून घ्यावे. इतरांनी त्यांच्याशेजारी झोपावे.

गोचिडीबद्दल मात्र थट्टा आवरती घेतो. ज्या १९५७ साली डीट अमेरिकेतल्या लोकांच्या हाती आले, त्याच साली कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि गोचिडीमार्फत माणसाला होणारा ताप ओळखला गेला. तोच माकडताप २०१६ साली सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात आला. काजूच्या बागेत काम करणाऱ्या लोकांना त्याने गाठले. त्यांच्याकडे ना टेम्पो ट्रॅव्हलर, ना अकरा बाटल्या. या तापाचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. तेव्हा त्या दिवसांत तिकडच्या रानात जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पँट मोज्यात खोचा, परमेथ्रिन मिळाले तर कपड्यांवर फवारा (कातडीवर नाही) आणि परत आल्यावर काखा, गुडघ्यांच्या लवणी, कानांमागे नीट पाहा. गोचिडीचे पिल्लू तिळाएवढे असते. पँट मोज्यात खोचल्यावर माणूस शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या मावळ्यासारखा दिसतो, त्याला इलाज नाही.

आग्या मोहोळावर कोणतेही मलम चालत नाही. सेंट, धूर, दगड आणि सेल्फीसाठी मारलेली आरोळी या चार गोष्टी टाळणे हेच तिथले निवारक. फुकट असल्यामुळे ते कुणी वापरत नाही.

राहता राहिली जळू. आंबोलीच्या पावसाळ्याची खरी यजमान तीच. ती आपल्या पावलांच्या हादऱ्याने जागी होते, ओल्या पाल्यावर उभी राहून डोलते आणि बुटावर चढते. चावलेले कळत नाही. रक्त गोठू न देणारे द्रव्य ती सोडते, त्यामुळे ती पोट भरून निघून गेल्यावरही मोजा लाल होत राहतो, आणि खाज तर सोमवारी ऑफिसात पोचल्यावर रंगात येते. डीट अंगावर असेपर्यंत तीही कचरते, पण ते ओढ्यातच वाहून गेलेले असते. तिच्यावर खरा उपाय कापडाचा. गुडघ्यापर्यंत येणारे, घट्ट विणीच्या कापडाचे, वर नाडीने बांधायचे पिशवीवजा मोजे मिळतात, ते बुटाच्या आत घालावेत. चिकटलेली जळू ओढू नये, जाळू नये. तिच्या तोंडाखाली नख सरकवले की पकड सुटते. वाटेत चढू पाहणाऱ्या जळवांसाठी काठीच्या टोकाला मिठाची किंवा तंबाखूची पुरचुंडी बांधावी आणि ओली करून बुटाला टेकवत जावी. आमच्या गटात तंबाखूला तात्त्विक विरोध होता, म्हणून पाव किलो मीठ घेतले. मिठाची पुरचुंडी जेवणाच्या पिशवीत ठेवू नये, हे या मार्गदर्शनातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. ते आम्हाला आधी कुणी सांगितले नाही.

परतताना गाडीत बसण्यापूर्वी प्रत्येकाने दुसऱ्याचे बूट, मोजे आणि पाठ तपासावी. आम्ही तपासली. निपाणीच्या अलीकडे खिडकीजवळच्या सीटवर एक जळू काटकोनात वाकत, माप घेतल्यासारखी चालताना दिसली. अकराच्या अकरा बाटल्या टपावरच्या सामानात, ताडपत्रीखाली. मीठ कुठे, म्हणून पुरचुंडी सोडली तर आत चार खडे. बाकीचे आजऱ्याच्या पुढे काकडीला लागले होते, आणि काकडी चांगली होती याबद्दल कुणाचे दुमत नव्हते. निपाणी म्हणजे तंबाखूचे गाव. बाहेर वखारी आणि आत आम्ही चौदाजण पाय सीटवर घेऊन बसलेलो.

ड्रायव्हरमामांनी गाडी बाजूला घेतली. मागे वळून जळूकडे पाहिले, मग आमच्याकडे. खिशातून चंची काढली, चिमूटभर तंबाखू तळहातावर चुना लावून नेहमीसारखी मळली, त्यातली निम्मी जळूवर टाकली आणि निम्मी ओठाखाली.

"बसा आता खाली पाय सोडून," ते म्हणाले. "कोल्हापुरात चहाला थांबतो."