बोचकेवाली

बोचकेवाली ही महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत निदान एक तरी आढळणारी, साधारण चाळिशीनंतर पूर्ण रूपाला येणारी गृहिणी होय. घरात तिला या नावाने कोणी हाक मारत नाही; ती कोणाची आई, कोणाची आजी, कोणाची काकू असते. तिची खूण तिच्या अंगावर नसते, माळ्यावर असते. जुन्या चादरीच्या चार टोकांना करकचून गाठी मारलेले, दारातून आत घेताना दोन माणसे लागतील एवढे ते बोचके. त्यात तीन पिढ्यांच्या कपड्यांचे अवशेष असतात. 'अवशेष' हा शब्द मात्र तिच्यासमोर उच्चारू नये. तिच्या लेखी ते कापड आहे आणि त्याची गोधडी व्हायची आहे. ती सातारा-कोल्हापूरकडची असेल तर वाकळ व्हायची आहे, आणि माहेर कानडी मुलखातले असेल तर कौदी. नाव बदलते, 'व्हायची आहे' हे क्रियापद सगळीकडे सारखेच राहते.

शिवणे हा तिचा मुख्य उद्योग आहे असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तिचा बहुतेक वेळ एखादे कापड जुने झाले की नाही याचा निवाडा करण्यात जातो. या निवाड्याचे कायदे दोन. दुसऱ्याच्या अंगावरचे सुती कापड हाताला मऊ लागू लागले की ते जुने झाले. बोचक्यात गेलेले कापड मात्र कधीच जुने होत नाही. लग्नात घेतलेला परकर चाळीस वर्षांनी बाहेर काढून कोणी नाक मुरडले, तर "चांगला आहे की अजून, हात लावून बघ," असे उत्तर येते. पहिल्या कायद्याचा सर्वांत मोठा बळी नवरा. त्याचा निळ्या चौकटीचा सुती शर्ट, ज्याची कॉलर उलटून घेतली असती तर आणखी दोन वर्षे सहज निघाली असती, एका गुरुवारी धुवायला जातो आणि परत येत नाही. "अहो, तो कधीच फाटला," असे त्याला सांगण्यात येते. विधान खरे असते. कोणी फाडला, हे तो विचारत नाही.

बोचकेवालीचा एकच जन्मजात वैरी आहे, तो म्हणजे बोहारीण. जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी देणारी ही बाई डोक्यावर पाटी घेऊन गल्लीत शिरली की शेजारपाजारच्या बायका कपाटे उघडतात. बोचकेवाली माळ्याची शिडी काढून ठेवते. तिच्या सुनेला बोहारणीकडचा डबा हवा असतो. सौदा सुरू होतो, आणि बोहारीण जरीचे, टेरिकॉटचे, अखंड कपडे मागते, फाटक्या सुती साडीला तोंड वाकडे करते. बोचकेवालीला नेमके उलटे हवे असते. म्हणजे शांतपणे विचार केला तर या दोघींमध्ये भांडणाचे काहीच कारण नाही. तरी भांडण होते, कारण पाटीत टाकलेली प्रत्येक वस्तू बोचकेवालीला त्या क्षणापासून सुती दिसू लागते.

बोचक्यातला माल तळापासून वरपर्यंत पाहत गेले तर मराठी बाईच्या पोशाखाचा इतिहास थरांनी हाती येतो. तळाशी नऊवारी. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याच्या चार घड्या घातल्या की दोन मीटरचा, चार पदरी, माणसाच्या उंचीचा तुकडा तयार. एक लुगडे म्हणजे जवळजवळ एक पातळ गोधडीच, फक्त अंगाला गुंडाळलेली. त्यावरच्या थरात पाचवारी. ती दुमडली की जेमतेम दोन पदर, म्हणजे तेवढ्याच जाडीला आता दोन साड्या. मग साठ-सत्तरच्या दशकांतली नायलॉनची साडी लागते, आणि इथे बोचकेवालीचा आवाज उतरतो. नायलॉन फाटत नाही, विरत नाही, घाम टिपत नाही, आणि सुती थरांमध्ये घातले तर आतल्या आत सरकून गोधडीला एका कोपऱ्यात पोट येते. तरीही ती ते टाकत नाही. त्याच्या वर गाऊन; त्याला ना लांबी ना रुंदी, वर पुढे चेन. आणि सर्वांत वर नातीच्या लेगिंग्ज. ताणल्या तर वाढतात, सोडल्या तर आक्रसतात, सुई कुठे टोचली आणि कुठून निघाली याचा पत्ता लागत नाही. "हे काय कापड म्हणायचं का?" असे म्हणत ती त्यांची घडी घालते आणि गाठ बांधते. पुढच्या काळातल्या गोधड्यांचे काय होणार, ही चिंता तिला भूगोलाच्या शिक्षकाला पावसाची वाटते तशी वाटते: मनापासून, पण हातात काही नाही.

या जमेला दोन बाहेरचे झरे आहेत. एक कोपऱ्यावरचा शिंपी, जो कातरण पिशवीत भरून देतो आणि तिचा ब्लाऊज वेळेवर देत नाही. दुसरा ओटी. ओटीतला खण, म्हणजे आताचा 80 सेंटिमीटरचा ब्लाऊजपीस, हा समाजात फिरत राहण्यासाठी जन्मलेला असतो. हळदीकुंकवात आलेला पुढच्या डोहाळजेवणात जातो, तिथून वास्तुशांतीला, तिथून एखाद्या वर्षी मूळ घरी परत. हे भ्रमण थांबवून त्याला काही तरी कामाला लावणारी एकटी बोचकेवाली. इतर बायका त्याला पुन्हा दुसरीच्या ओटीत घालतात. ती त्याचे चार चौकोन कापते.

प्रत्यक्ष शिवण उन्हाळ्यात. सुगी संपलेली, पापड-कुरडया वाळत घातलेल्या, पाऊस लांब. खोलीतले सामान भिंतीला लावून जमिनीवर अस्तर पसरतात, त्यावर पोटातले थर, त्यावर तोंडाची साडी, आणि चारी बाजूंनी कच्चे टाके घालून सगळे जखडून टाकतात. त्यानंतर पंधरा दिवस घरातली माणसे त्या खोलीत कडेकडेने चालतात. टाका म्हणजे साधा धावदोरा. साधेपणावर जाऊ नये. सहा फूट लांब, चार फूट रुंद गोधडीत बोटभर, म्हणजे पाऊण इंच अंतराने ओळी घातल्या तर 64 ओळी होतात. इंचाला तीन टाके धरले तर एका ओळीत 216, आणि एकंदर 13,824. हा आकडा बोचकेवालीला सांगितला तर ती टाके घालायचे थांबवत नाही, सांगणाऱ्याला सुईत दोरा ओवायला बसवते. दोरा ओवणे हे घरातल्या नातवंडांचे खाते. आजीची दृष्टी कमी झालेली असते. पण शेजारणीचा टाका लांब पडला, हे तिला खोलीच्या पलीकडून दिसते. शेजारणी दुपारी मदतीला येतात, एकेक बाजू धरून बसतात, चार घरांच्या चार गोष्टी निघतात, चहा होतो. त्या गेल्या की बोचकेवाली त्यांनी घातलेल्या ओळी उसवते आणि पुन्हा घालते. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा येतात. हे दोन्ही बाजूंना माहीत असावे, असा संशय घ्यायला जागा आहे.

हातमशीन किंवा पायमशीन तिच्याकडे असते, बहुधा माहेरून आलेले. आयझॅक सिंगरने 1851 मध्ये आपल्या शिवणयंत्राचे पेटंट घेतले. त्यानंतर ऐंशीएक वर्षांनी भारतात कोलकात्यात उषा मशीन तयार होऊ लागले आणि मध्यमवर्गीय लग्नांत सनईइतकेच अपरिहार्य झाले. पण घरगुती मशीनला जाड गोधडी झेपत नाही; सुईखाली आठ पदर आले की दोरा गुंतून ते रुसून बसते. म्हणून मशीन लहान कामांना. लहान कामे म्हणजे तुकडे जोडून केलेली पिशवी, बसकर, उशीचा अभ्रा, पोथीचे बासन, पान-सुपारीचा बटवा, रुखवतात मांडायचे तोरण. इथे एक हिशेब चुकलाच पाहिजे असा असतो. दोन तुकडे जोडताना प्रत्येक कडेला पाव इंच कापड शिवणीत जाते. दोन इंचाचा चौकोन दिसायला हवा असेल तर अडीच इंचाचा कापावा लागतो. चार चौरस इंच दाखवायला सव्वासहा चौरस इंच खर्ची. पिशवी म्हणून बेतलेली वस्तू त्यामुळे पुष्कळदा बटवा होऊन बाहेर येते. बोचकेवाली हे कबूल करत नाही. "बटवाच करायचा होता," एवढे म्हणून ती नाडी ओवते.

लहान कामांना एकदा हात बसला की थांबणे कठीण. आधी मिक्सरला झबले मिळते, मग फ्रिजच्या मुठीला, मग रिमोटला. टीव्ही भिंतीला चिकटण्याइतका चपटा झाल्यावर त्याचे आवरण निरुपयोगी झाले, त्याचे दुसऱ्या दिवशी पायपुसणे झाले होते. हार्मोनियम, शिवणयंत्र, पाण्याचा माठ, सगळ्यांना अंगभर वस्त्र. पाहुण्याला चहा आणून देणारी सूनच काय ती घरात साध्या कपड्यांत दिसते.

या सगळ्याला तिच्याकडे पुराणाचा आधार आहे. कृष्णाचे बोट कापले तेव्हा सुभद्रेच्या घरी बांधायला चिंधी सापडली नाही आणि द्रौपदीने अंगावरचे भरजरी वस्त्र फाडले, ही लोककथा सगळे द्रौपदीच्या थोरवीसाठी सांगतात. बोचकेवालीचे लक्ष सुभद्रेकडे असते. सख्खी बहीण, राजघराण्याची सून, आणि घरात एक बोचके नाही! दुसरा आधार गाडगेबाबांचा. 1876 साली अमरावती जिल्ह्यात जन्मलेले बाबा चिंध्या जोडलेले वस्त्र अंगावर घेत, म्हणून लोक त्यांना गोधडेबाबाही म्हणत. हे ती अभिमानाने सांगते. बाबांच्या हातात खराटाही असे आणि गावात शिरले की ते आधी झाडायला लागत, हा भाग ती सांगत नाही. माळ्याच्या दृष्टीने तो गैरसोयीचा आहे.

या जातीचा नवा प्रकार गेल्या काही वर्षांत शहरांत दिसू लागला आहे. ही बाई क्लासला जाते, फिरत्या पात्याचा कटर आणि हिरवी रेघांची चटई बाळगते, दुकानातून कोरे सुती कापड मीटरवर विकत घेते, त्याचे काटेकोर चौकोन कापते आणि ते पुन्हा एकमेकांना जोडते. जुन्या बोचकेवालीने हे एकदा शेजारी बसून पाहिले. "अखंड होतं की ते," एवढेच ती म्हणाली. मात्र दोघींचा एक स्वभाव जुळतो. अमेरिकेत क्विल्ट करणाऱ्या बायका अर्धवट राहिलेल्या कामाला 'यूएफओ' म्हणतात, न संपलेली वस्तू या अर्थाने. न्यू जर्सीतल्या लेकीकडून हा शब्द कळल्यावर बोचकेवालीला आपल्या माळ्यावर काय आहे याचे इंग्रजी नाव प्रथमच समजते. लेक परत निघते तेव्हा 23 किलोच्या बॅगेत एक गोधडी बसवली जाते आणि लाडू काढून ठेवले जातात.

तिच्या आयुष्यात वेळेत संपलेले काम एकच: बाळाचे दुपटे आणि कुंची. जन्माआधी काही शिवू नये असा अनेक घरांत संकेत, बाराव्या दिवशी बारसे. म्हणजे हातात दिवस मोजके. बाळाच्या कातडीला कोरे कापड रुतते, शंभरदा धुतलेले मलमल मऊ लागते, हे डॉक्टरांच्याही आधी तिला ठाऊक असते. त्या दिवसांत घरातली सगळी माणसे, बोहारणीशी संधान बांधलेल्या सुनेसकट, माळ्याकडे आदराने पाहतात. बोचके उतरते. गाठ सुटते. तळाचे, पणजीचे लुगडे निघते. ते कोणासाठी राखले होते हे ती सांगत नाही, कारण तिलाही माहीत नसते.

वर्षातून एकदा, नवरात्रात घट बसण्याआधी, घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायला निघतात. भिजलेली गोधडी एका माणसाच्या हातून उचलत नाही. दोघे दोन टोके धरून पिळतात आणि तिसरा पाण्याच्या फवाऱ्याबाहेर उभा राहून सूचना देतो. मग त्या गच्चीच्या कठड्यावर वाळत पडतात आणि घरचे लोक आपापले कपडे ओळखत फिरतात: ही माझी शाळेची चड्डी, हा आत्याचा परकर, हे आजोबांचे धोतर. विरलेल्या गोधडीवर नवी साडी घालून पुन्हा टाके मारलेले असतात, त्यामुळे काहींच्या पोटात आख्खी जुनी गोधडी असते आणि तिच्या पोटात आणखी एक.

निळ्या चौकटीचा शर्टही इथेच सापडतो, उशाकडच्या बाजूला, मधोमध. त्याचा खिसा उसवायचा बोचकेवालीने कंटाळा केलेला असतो. नवरा काही बोलत नाही. रात्री तीच गोधडी मागून घेतो आणि झोपताना चष्मा त्या खिशात ठेवतो.