गाडीचं आजोळ

आमची ऑक्टाव्हिया जन्माने शेंद्र्याची. 2001 पासून शेंद्र्याच्या एमआयडीसीत स्कोडाच्या गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या आणि पुढे त्यातलीच एक कर्ज काढून आमच्या दारात आली. घराणं मात्र चेक प्रजासत्ताकातल्या म्लादा बोलेस्लाव्हचं. मूळ कंपनीला मदर कंपनी म्हणतात. आईचं माहेर ते आजोळ. बँकेतून निवृत्त झाल्यावर एका रिकाम्या दुपारी माझ्या मनात आलं, या पोरीने अजून आजोळ पाहिलेलं नाही. नेऊन आणावं. रस्त्याने.

"विमानाने जा की," बायको म्हणाली.

"गाडी विमानात बसायची नाही."

"मी बसेन."

योजनेला घरात लगेच 'तुघलकी' हे नाव पडलं. बाकी महाराष्ट्रात ही टीका असते. आमच्याकडे तो स्थानिक इतिहास आहे. 1327 च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी आमच्या दौलताबादला हलवली. ही वाट 40 दिवसांची आणि दोन्ही बाजूंनी झाडं लावलेली, असं इब्न बतूता सांगतो. म्हणजे नियोजनात खोट नव्हती. फक्त काही वर्षांनी राजधानी आल्या वाटेने परत गेली. मी बायकोला म्हटलं, "आपलं परत यायचं आधीपासूनच ठरलंय. त्या बाबतीत आपण सुलतानाच्या पुढे आहोत."

मार्ग मी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून आखला. पाकिस्तान, इराण, तुर्कस्तान ही सरळ वाट. 1957 साली लंडनहून कलकत्त्याला चक्क बस आली ती अशीच. आता वाघ्यालाच अडतं. म्हणून काठमांडू, तिबेट, काश्गर, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, कझाकस्तान, रशिया आणि मग युरोप. किलोमीटर दहा-बारा हजार. घाट पाच हजार मीटरच्या वरचे. रोजचे पाचशे धरले तर हिशेब अगदी सोपा. पण हिशेब ऐकून होताच प्रत्येक जण एकच प्रश्न विचारायचा.

"दुसरा ड्रायव्हर कोण?"

आमच्या मिस्त्रीने गाडी खालून-वरून पाहिली, बॅटरी तपासली, बोनेट आपटून हात पुसले. "गाडी का टेन्शन नको, साब. इंजिन मक्खन है. आप का बोलो. दुसरा डायवर कौन?"

दुसरा ड्रायव्हर नव्हता. मुलाला पुण्यातून दिवाळीची रजा मिळताना मारामार. तो तिबेटसाठी काय अर्ज करणार? मेहुणा तयार होता, पण तो गाडी चालवताना बोलतो आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघतो. पुतण्याला क्लच हा अवयव ऐकून माहीत. बायकोकडे लायसन्स आहे, ते स्कूटीचं.

मग मी कायदा काढला. आपल्याकडचा 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा 2025 पर्यंत सांगत असे, ड्रायव्हरला दिवसाला आठच तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. युरोपात मालट्रकवाल्याला साडेचार तास झाले की 45 मिनिटं थांबावंच लागतं. वाचून बरं वाटलं. बायको म्हणाली, "हे सगळं पगारी ड्रायव्हरला. तुम्हाला पगार कोण देतंय?" तरी आठ तासांचं कलम तिने लगेच लागू केलं. बँकेत मी ओव्हरटाइम केला तेव्हा मात्र तिला कधी कलम आठवलं नव्हतं.

शेवटचं अस्त्र म्हणून मी भारुलता कांबळेंचं नाव घेतलं. सासर महाडचं, राहणं ब्रिटनमध्ये. 2016 साली एकटीने गाडी चालवत, 32 देश ओलांडून ही बाई भारतात आली. "एकटी! दुसरा ड्रायव्हर नाही, कुणी नाही!"

"नवरा सोबत नव्हता ना?" बायकोने शांतपणे विचारलं. "म्हणूनच पोचली."

कागदपत्रांचा भाग मला आवडतो, बँकेची सवय. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओत मिळतो, मुदत एक वर्ष. गाडीला कार्नेट लागतं. तो गाडीचा पासपोर्ट; गाडी परदेशात विकून न टाकता परत आणीन याची हमी त्यात पैशांनिशी द्यावी लागते. नवरा परत आणायची हमी कुठलाच देश मागत नाही, हे बायकोने वाचता वाचता टिपून ठेवलं. चीनमध्ये आपला आंतरराष्ट्रीय परवानाही चालत नाही. तिथे तात्पुरतं चिनी लायसन्स, चिनी नंबरप्लेट आणि पूर्ण वेळ सोबत एक चिनी गाइड.

"गाडीत?"

"गाडीत. मागच्या सीटवर."

"मग लोणच्याच्या बरण्या कुठे ठेवायच्या? आणि तो जेवणार काय?" चीनचं सरकार त्या माणसाला आमच्यावर लक्ष ठेवायला बसवणार, आमच्या घरात मात्र त्या क्षणापासून तो पाहुणा झाला. यादीत धपाट्यांचं पीठ दीड पट झालं.

निघायची तारीख ठरेना. व्हिसा, तिबेटचा परवाना, घाटातलं बर्फ हे सगळं मी जुळवत आणलं होतं. पण आमच्या शहरात तारखा नळ ठरवतो. जायकवाडी काठोकाठ भरलं तरी पाणी रोज येत नाही. आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी लग्नाचे मुहूर्तसुद्धा मागे सरतात. "आपण काश्गरला आणि इकडे पाणी आलं तर टाकी कोण भरणार?" या प्रश्नाला रेशीममार्गाच्या इतिहासात उत्तर नाही. शेवटी शेजारच्या वहिनींकडे चावी द्यायचं ठरलं, बदल्यात समरकंदच्या मनुका.

आणि मग खरी अडचण वर आली. नेपाळ संपलं की पुढे सगळीकडे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने. आपलं स्टिअरिंगही उजवीकडे. म्हणजे मी बसणार रस्त्याच्या कडेला, गटाराच्या बाजूला. पुढे ट्रक असला की मला दिसणार फक्त ट्रक. समोरून काय येतंय ते दिसणार डावीकडे बसलेल्या माणसाला. ओव्हरटेक करायचा की नाही, हे तो माणूस सांगणार.

तो माणूस कोण, हे आम्हा दोघांना एकाच वेळी कळलं.

त्याच आठवड्यात पैठणला जाताना बिडकीनच्या पुढे उसाची ट्रॉली लागली. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्हीकडून बाहेर आलेला, मागे रिफ्लेक्टरच्या जागी लाल फडकं. मी उजवीकडे नाक काढलं. "अहो, नका काढू!" तिच्या बाजूने फक्त ऊस दिसत होता. म्हणजे इतकी वर्षं काहीही दिसत नसताना ती सांगत आली आणि मी ऐकत आलो. तिकडे तर तिला दिसणारही होतं. ढोरकीनपर्यंत आम्ही ट्रॉलीमागेच राहिलो. या वेगाने मॉस्को गाठायला किती काळ लागेल, याचा हिशेब मी मनातच ठेवला.

घरी आल्यावर तिने नकाशा स्वतःकडे ओढला. रोजच्या पाचशेचे साडेतीनशे झाले, ताश्कंदला दोन दिवस मुक्काम वाढला, रात्रीच्या ड्रायव्हिंगवर काट मारली गेली. चष्मा नवीन करायचं ठरलं, तिचा.

रात्री मुलाचा फोन आला. "आई, बाबांना समजाव. दुसरा ड्रायव्हर मिळाल्याशिवाय जाऊ नका."

"दुसरा मिळालाय रे," ती म्हणाली. "पहिल्याला न्यायचं की नाही, ते बघतेय."