धंदा नंतर, टेबल आधी

नोकरी सांभाळून घरातून जोडधंदा करायचं ठरलं की काही उतावळी माणसं दुसऱ्या दिवशी धंदाच सुरू करतात. चार ओळखीच्यांना विचारतात, एखादी ऑर्डर घेतात, जेवणाच्या टेबलावरची लोणच्याची बरणी बाजूला सारतात आणि कामाला लागतात. असल्या लोकांमुळेच मराठी माणसाला धंद्यातलं कळत नाही, असं बोललं जातं. धंद्याची खरी सुरुवात जागेपासून होते. गिऱ्हाईक काय, कधीही मिळतं. सुतार मिळत नाही.

या बाबतीत आपल्यापुढचे आदर्श फार वाईट आहेत. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका जमल्या आणि ८० रुपये उसने घेऊन पापड लाटू लागल्या. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. कुणीही समंजस माणूस इथं थांबला असता, गच्चीवर शेड घातली असती, बसायच्या पाटांची उंची ठरवायला एखादा सल्लागार नेमला असता. त्या थांबल्या नाहीत. आणि पुढं भरभराट झाल्यावर तरी सुधारावं? 'लिज्जत'च्या भगिनी आजही केंद्रावरून पीठ घेऊन जातात आणि आपापल्या घरी लाटतात. घर स्वच्छ आहे आणि पापड पसरायला जागा आहे, एवढ्यावर संस्थेचं समाधान होतं.

अहमदाबादच्या करसनभाई पटेलांचंही तेच. सरकारी नोकरीत प्रयोगशाळा तंत्रज्ञ असलेला माणूस १९६९ साली घराच्या परसात धुण्याची पावडर कालवू लागला आणि सायकलवरून दारोदार विकू लागला. त्याचा 'निरमा' झाला हे खरं, पण परसात टेबल होतं की नव्हतं, याची नोंद कुणी ठेवलेली नाही. धंद्याचा इतिहास लिहिणारे अशा महत्त्वाच्या गोष्टी नेमक्या गाळतात.

अमेरिकेत निदान गॅरेज तरी असतं. ह्यूलेट आणि पॅकार्ड यांनी १९३९ साली पालो आल्टोतल्या एका गॅरेजात ५३८ डॉलरवर कंपनी काढली. आज त्या गॅरेजावर सिलिकॉन व्हॅलीचं जन्मस्थान म्हणून पाटी आहे. आपल्या सोसायट्यांत गॅरेज नसतं. पार्किंग असतं, आणि कुणाची स्कूटर कुणाच्या चौकोनात वीतभर गेली, यावर वार्षिक सभेचा निम्मा वेळ जातो. तिथं कंपनी काढणं शक्य नाही. म्हणून परमेश्वरानं आपल्याला ड्राय बाल्कनी दिली.

आमच्या इमारतीतले एक गृहस्थ सुगंधी मेणबत्त्यांचा व्यवसाय करतात. निदान करणार आहेत. त्यांनी ज्या शिस्तीनं सुरुवात केली, ती मी प्रत्येक होतकरू उद्योजकाला दाखवू इच्छितो. मेण आणि वात यांसारख्या किरकोळ बाबींच्या वाटेला ते गेले नाहीत. त्यांनी आधी ड्राय बाल्कनी बंदिस्त केली. (बाल्कनी बंद करायला महापालिकेची परवानगी लागते ही गोष्ट सुतार सांगत नाही, आणि सुज्ञ माणसानं ती विचारू नये.) वॉशिंग मशीन स्वयंपाकघरात गेलं, वाळत घालायचे कपडे हॉलमधल्या स्टँडवर आले, आणि सगळ्या कुटुंबाला उद्योगात वाटा मिळाला.

मग टेबल. टेबलाबाबत स्वस्तातले सल्ले देणारे खूप भेटतात. तयार फ्लश डोअर आणा, दोन लोखंडी घोड्यांवर आडवं टाका, झालं म्हणतात. ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी सुरुवातीला दारांना पाय ठोकूनच टेबलं केली होती, असा दाखलाही देतात. पण ज्या माणसाला दार कशासाठी असतं हे ठाऊक नाही, त्याच्याकडून आपण काय शिकायचं? आमच्या गृहस्थांनी आठ बाय चारचा १८ मिलिमीटरचा प्लाय आणला, वर अक्रोडी रंगाचा सनमायका, तीन ड्रॉवर, आवाज न करता मिटणारे चॅनल. सुतारानं सांगितलं की वीस वर्षं बघायला नको. धंदा किती वर्षं टिकेल याची अशी हमी कुणी देत नाही, म्हणून पैसे टेबलात घालावेत. बाल्कनी साडेचार फूट रुंद आहे आणि टेबल अडीच फूट खोल. उरलेल्या दोन फुटांत खुर्ची आणि माणूस यांपैकी एकच मावतं. खुर्ची आत आहे.

खुर्चीही साधी नाही. बंद पडलेल्या कचेऱ्यांचं फर्निचर विकणारी दुकानं पुण्या-मुंबईत आहेत, तिथं जाळीच्या पाठीच्या चांगल्या खुर्च्या नव्यापेक्षा बऱ्याच कमी भावात मिळतात. त्या घेऊ नयेत. आपल्या आधी त्या खुर्चीत बसलेल्याचं काय झालं, हा विचार पाठीला बरा नाही. टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असावं, हात टेबलावर ठेवल्यावर कोपर काटकोनात यावं, पाय जमिनीला टेकावेत, आणि टेकत नसतील तर खाली पाट घ्यावा, असं जाणकार सांगतात. सल्ला बरोबर आहे. पण पाट घरात असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. अशा गोष्टीनं उद्योजकाला आत्मविश्वास येत नाही; हँडल ओढल्यावर वर-खाली होणाऱ्या पायटेकणीनं येतो.

दिव्यांबद्दल फार सांगत नाही. खिडकीचा उजेड बाजूनं आला तर डोळ्यांना त्रास होत नाही आणि दिवसा दिवा लागत नाही. म्हणून खिडकीला आधी जाड पडदा लावावा.

वीजबिलाचा प्रश्न मात्र गंभीर आहे. घरात धंदा केला तर व्यापारी दर लागेल, या भीतीनं अनेक चांगले उद्योग सुरू व्हायचे राहिले, आणि ही भीती जपली पाहिजे. महावितरणच्या दरपत्रकात घराच्या काही भागात धंदा करणाऱ्यांसाठी एक तरतूद आहे: वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि आदल्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागतो. असले कागद वाचू नयेत. एक भक्कम कारण हातचं जातं. चुकून वाचलंच, तर बाल्कनीत दीड टनाचा एसी बसवावा. ताशी सव्वा युनिट धरलं आणि रोज आठ तास चालवला, तर एकही मेणबत्ती न करता एसी एकटाच महिन्याचे ३०० युनिट पुरे करून देतो.

यापुढं व्हिजिटिंग कार्डं. शंभर छापली काय नि हजार छापली काय, खर्चात फारसा फरक नसतो, म्हणून हजार छापावीत. हुद्दा 'संस्थापक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी' असा घालावा. उरलेलं कर्मचारी मंडळ सध्या हॉलमध्ये कपडे वाळत घालत आहे.

याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात. त्यांच्याविषयी लिहू नये असं वाटत होतं, पण वाईट उदाहरणही लोकांसमोर यायला हवं. फाटकाला त्यांची पत्र्याची पाटी लटकते: 'पिको-फॉल करून मिळेल. ब्लाउज शिवून मिळतील.' ना लोगो, ना घोषवाक्य. शिलाई मशीन फ्रिज आणि दार यांच्या मधल्या जागेत. कापडं आपापल्या पिशव्यांत, पिशव्यांना सुतळीनं बांधलेल्या चिठ्ठ्या, आणि हिशेब जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं. बसायला लाकडी स्टूल, वर एक उशी. लग्नसराईत त्या नवीन काम घेत नाहीत, कारण आधीचंच उरकत नाही. गिऱ्हाईक परत पाठवावं लागणं ही नियोजनाची केवढी ढिलाई! आमच्या गृहस्थांवर अशी वेळ एकदाही आलेली नाही. बाल्कनीचा पडदा शिवायला त्यांनी काकूंकडेच टाकला होता. काकूंनी तीन आठवड्यांनी दिला आणि पैसे रोख घेतले. मेणबत्त्यांच्या धंद्यातली ती आजवरची एकमेव उलाढाल.

राहता राहिली सरकारी नोंदणी. १ जुलै २०२० पासून लघुउद्योगांसाठी 'उद्यम' नोंदणी सुरू आहे. आधार क्रमांकावर, घरबसल्या होते. कागदपत्रं जोडावी लागत नाहीत आणि सरकारी संकेतस्थळावर एक पैसाही लागत नाही. गृहस्थांना हे पटत नाही. फुकटच्या गोष्टीत काहीतरी खोट असणारच, म्हणून ते तिच्यासाठी योग्य शुल्क घेणाऱ्या एखाद्या एजंटाच्या शोधात आहेत. तो मिळेपर्यंत मेण आणायचं नाही, असं ठरलं आहे.

तेव्हा वाचकहो, घाई करू नका, आजच सुतार बोलवा. मध्येच कुणाकडे एखादी ऑर्डर येऊन पडलीच, तर ती तूर्त काकूंकडे पाठवून द्यावी. त्यांच्याकडे जागा नाही, पण त्या काहीतरी जमवतील.