घरगुती तंत्रसाहाय्य : स्वरूप आणि व्यवहार

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा अडलेला फोन, संगणक किंवा टीव्ही वयाने लहान असलेल्या नातेवाइकाने विनामोबदला, आणि बहुधा नाइलाजाने, चालू करून देणे म्हणजे घरगुती तंत्रसाहाय्य. या व्यवहारात दोन पक्ष असतात. ज्याचे काम खोळंबले आहे तो अडलेला आणि ज्याला भरल्या ताटावरून हाक येते तो मदतनीस. बिघाड हा तिसरा घटक; तो असलाच पाहिजे असे नाही. फोन सायलेंटवर गेलेला असणे, स्पीकरच्या भोकात कापूस अडकलेला असणे किंवा टीव्हीच्या रिमोटमधला सेल नातवाने खेळण्यात घातलेला असणे, ही कारणे खऱ्या बिघाडापेक्षा जास्त आढळतात.

ही प्रथा मोबाइलच्या आधीची आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि घराघरांतली मुले अँटेना फिरवायला गच्चीवर चढू लागली. खिडकीतून वडील 'अजून मुंग्या येताहेत, डावीकडे घे' असे ओरडत. कष्ट मुलाचे असले तरी हुकूम वडिलांचा होता. चित्र स्वच्छ आले की नाही हे तेच ठरवत. ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाइल संवाद कोलकाता आणि दिल्ली यांच्यात झाला. पुढे यंत्र दिवाणखान्यातून उठून खिशात गेले आणि हुकूमही त्याच्याबरोबर लहानांच्या हाती गेला. तरीही २०१६ पर्यंत फोन चालवता येत नाही म्हणून कोणाचे फारसे अडत नव्हते. त्या वर्षी एप्रिलमध्ये यूपीआय आले, सप्टेंबरमध्ये इंटरनेट स्वस्त झाले आणि ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. भाजीवाल्याच्या हातगाडीवरही चौकोनी ठिपक्यांचा कागद लटकू लागला. २०२१ मध्ये करोनाची लस घेण्यासाठी कोविनवर नाव नोंदवावे लागले. तिथे सुरुवातीला एका मोबाइल क्रमांकावर चौघांची नोंदणी होत असे. त्यामुळे कॉलेजात जाणाऱ्या अनेक पोरांच्या फोनमध्ये आजी, आजोबा, आत्या आणि शेजारचे काका एकत्र नांदले.

ज्येष्ठांची अडचण बुद्धीची नसते. तिची काही कारणे शरीरात आहेत. स्पर्शाचा पडदा बोटाची जागा विजेच्या सूक्ष्म फरकावरून ओळखतो. वयाबरोबर कातडी कोरडी पडते आणि पडद्याला बोट लागल्याचे कळत नाही. माणूस मग जोर लावून, थांबून दाबतो. फोनच्या लेखी थांबून दाबणे ही निराळीच आज्ञा असते. चित्रे थरथरू लागतात आणि 'काढून टाकायचे का?' असा प्रश्न येतो. घाबरून 'हो' म्हटले की ॲप जाते. बोटांवरच्या रेषाही वयाने आणि कामाने झिजतात. रेशन दुकानातल्या यंत्राला म्हणूनच आयुष्यभर भांडी घासलेल्या बाईची ओळख लवकर पटत नाही.

बाकीची कारणे सवयीतली आहेत. ज्या पिढीने रेडिओसाठी पोस्टातून परवाना काढला आणि ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहिली, तिला अनोळखी बटण दाबणे हा उद्धटपणा वाटतो. लहानांना तो संस्कार नाही. ते बटण दाबून पाहतात, चुकले तर मागे येतात. ज्येष्ठ मंडळी पायऱ्या पाठ करतात : वरून तिसरे, हिरवे, मग उजवीकडे. हे सारे डायरीत नीट उतरवून झाले की ॲप अद्ययावत होते आणि हिरवे निळे होऊन खाली जाते.

मदतनीसांचे प्रकार नात्यानुसार पडतात. नातू सर्वांत वेगवान. तो काम करतो, पण काय केले ते सांगत नाही. जाताना एखादा गेम मात्र टाकून जातो. मुलगा सर्वांत उतावळा. 'बाबा, हे मी मागच्याच वेळी सांगितलं होतं' हे त्याचे पहिले वाक्य असते आणि ते खरेही असते. सून सर्वांत नीट समजावते, त्यामुळे सासूबाई तिला एकटीला गाठून विचारतात. सासरे मात्र मुलगा घरी येईपर्यंत थांबतात. जावयाला असले काम सांगायचे नसते. त्याने आपण होऊन हात घातला, तर यंत्र सुधारले असे जाहीर करावे लागते आणि तो गेल्यावर पुन्हा नातवाला बोलवावे लागते.

परदेशातला मुलगा हा स्वतंत्र प्रकार आहे. पुणे आणि न्यू जर्सी यांच्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेदहा तासांचा. त्यामुळे आईची सकाळची अडचण त्याच्या रात्रीच्या झोपेवर येते. शिवाय बिघडलेला फोन आणि त्याला दाखवायचा फोन एकच असतो. 'आई, स्क्रीन दाखव' म्हटले की आई फोन आरशासमोर धरते किंवा शेजारणीचा फोन मागून आणते. मग दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात पहिल्या फोनऐवजी पंखा दिसतो.

प्रत्यक्ष साहाय्याचा क्रम जवळपास ठरलेला असतो. आधी लक्षणे सांगितली जातात.

'ते गेलं.'

'काय गेलं?'

'जे होतं ते.'

'तुम्ही काय दाबलंत?'

'मी कशाला काय दाबू? आपोआप झालं.'

मदतनीस फोन हातात घेतो, अंगठे फिरतात आणि 'झालं' असे म्हणून तो फोन परत करतो. 'काय केलंस रे?' या प्रश्नाला 'काही नाही' एवढेच उत्तर असते. सारी व्यवस्था या उत्तरावर उभी आहे. करून द्यायला निमिषभर लागते, शिकवायला अर्धी दुपार. म्हणून लहान शिकवत नाही आणि मोठा शिकवण्याचा आग्रह धरत नाही. शिकून झाले की हाक मारायला निमित्त उरणार नाही, हे मोठ्यांना कळत असते. आणि लहानांनाही ते कळत असावे, कारण चिठ्ठीवर पायऱ्या लिहून देणे त्यांना सहज जमण्यासारखे असते.

वार्षिक साहाय्याचे उत्तम उदाहरण नोव्हेंबरमध्ये दिसते. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना आपण हयात असल्याचा दाखला या महिन्यात द्यावा लागतो. केंद्र सरकारने २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' ही संगणकीय सोय आणली आणि २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय जोडली. तिच्यात आधी फोन चालवणाऱ्याचा चेहरा तपासला जातो. म्हणजे आजोबांच्या हयातीपूर्वी नातवाला स्वतःची ओळख पटवावी लागते. मग आजोबांची पाळी.

'आजोबा, डोळे मिचकवा.'

'चष्मा काढू का?'

'काढा.'

'मग दिसणार कसं कधी मिचकवायचे ते?'

चष्मा असला की काचेवर ट्यूबलाइट चमकते, काढला की सूचना वाचता येत नाही. शेवटी आजोबा खिडकीपाशी बसतात, नातू 'आता' म्हणतो आणि सरकारदरबारी ते आणखी एक वर्ष जिवंत राहतात.

मोबदला रोख नसतो. चहा, बेसनाचा लाडू आणि 'जेवूनच जा' हे त्याचे नेहमीचे रूप. त्याबरोबर चौकशीही येते. फोन दुरुस्त होईपर्यंत मदतनीस मान खाली घालून सुरक्षित असतो. फोन खाली ठेवला की 'पुढे काय ठरवलंयस?' हा प्रश्न सुटतो. पंचविशी ओलांडलेले मदतनीस काम मुद्दाम लांबवतात ते यामुळे.

या व्यवहाराचे दफ्तर म्हणजे बँकेकडून मिळालेली जुनी डायरी. तिच्यात कुलदैवताचे नाव आणि जन्मसाल यांच्या संयोगातून झालेले पासवर्ड असतात. रद्द झालेला पासवर्ड खोडायचा नाही, शेजारीच नवा लिहायचा, अशी पद्धत आहे. कोणता चालू हे विचारल्यास 'यांतलाच एक' असे उत्तर मिळते. डायरी चोरांपासून लपवण्यासाठी देवघरामागे ठेवलेली असते आणि ती तिथे आहे हे मोलकरणीपासून पोस्टमनपर्यंत सर्वांना माहीत असते.

धोका दुसरीकडून येतो. 'आजी, आता एक नंबर येईल, तो मला सांग' हे वाक्य नातू फोनवर म्हणतो आणि ठगही हेच म्हणतो. घरच्यांना ओटीपी वाचून दाखवण्याची सवय लागली की परक्यालाही तो सहज वाचून दाखवला जातो. म्हणून ओटीपीचे काम समोरासमोर बसूनच करावे. फोनवर तो सख्ख्या मुलालाही सांगू नये. पैसे येण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, आणि 'डिजिटल अटक' नावाची अटक कोणत्याही कायद्यात नाही. फसगत झाली तर लाजेने गप्प न बसता १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. या एका बाबतीत मदतनीस घरी येईपर्यंत थांबू नये.

उलट दिशेचे साहाय्यही चालते, फक्त त्याचा बोभाटा होत नाही. घरमालकाला अनामत रक्कम चेकने द्यायची झाली की तोच मदतनीस आजोबांकडे येतो. कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा कशाला, अक्षरी रकमेपुढे 'फक्त' का लिहायचे, चेक तीन महिन्यांतच का वटवायचा, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. सातबाऱ्याचा उतारा त्याला फोनवर काढता येतो, वाचता येत नाही. 'पोटखराबा' म्हणजे काय हे विचारायला तो खालच्या आवाजात येतो. आजोबा मात्र करून देऊन मोकळे होत नाहीत. ते समोर बसवून, पहिल्यापासून, कूळकायद्यासकट समजावतात.

मदतनिसाच्या पदाला निवृत्तीचे वय ठरलेले नाही. १९९० च्या दशकात ज्यांनी वडिलांचा हात धरून माउस फिरवायला शिकवले, ते आज पन्नाशीत आहेत आणि त्यांपैकी बरेच जण अजून स्वतःला मदतनीसच समजतात. 'मला येतं, फक्त चष्मा सापडत नाहीये' असे म्हणत त्यांनी फोन मुलीपुढे धरला की त्यांचा पक्ष बदलला असे समजावे.